रुखवतातलं घर

"बाबा, चादर सरकू देऊ नका," जुई म्हणाली. "आणि पुढं उंबरा आहे."

मी पायानं उंबरा चाचपला आणि आत पाऊल टाकलं. हातावर प्लायवूडची पाटी, पाटीवर पुठ्ठ्याचं घर आणि घरावर आमची निळी चादर. पुढं जुई, मागं कौस्तुभ आणि मधे मी. मंगल कार्यालयात उपम्याचा वास भरला होता. नवरदेवाची माणसं नुकतीच उतरली होती आणि जो तो चहाच्या टेबलाकडं धावत होता.

"हळू," कौस्तुभ मागून म्हणाला. "गच्चीवरची टाकी हलते. अजून वाळली नाही नीट."

घर मी अजून बघितलं नव्हतं. पाटी मी कापून दिली होती, आतल्या बारक्या बल्बांच्या तारा ओढून दिल्या होत्या. पुढचं काम मागच्या खोलीत दार लावून चाललं होतं. मी विचारलं की कौस्तुभ म्हणायचा, "गिऱ्हाइकाच्या आधी कुणी बघायचं नाही."

हा नियम त्यांच्या आईचा. वैजयंती, माझी बायको. लग्नाआधी ती बालवाडीत शिकवायची. जुई दुसरीत असताना तिनं मुलीला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. कौस्तुभ तर शाळेची पायरीच चढला नाही. बार्शीत तेव्हा असलं कुणी ऐकलेलं नव्हतं. शेजारचे विचारायचे, मुलं आजारी आहेत का? ती हसून सांगायची, आजारी नाहीत, घरशाळेत आहेत. मला त्यातलं फार कळत नव्हतं. मी पाण्याच्या पंपावर नोकरीला, पाळी करायची आणि घरी यायचं. घरी आलो की पोरगी तराजू घेऊन कांदे तोलत बसलेली असायची, पोरगा चिंचोक्यांची बेरीज करत असायचा. दोघं खुश दिसायची. मला तेवढं पुरायचं.

धंद्याचीही कल्पना तिचीच. ती म्हणाली, मुलांना व्यवहार शिकवायचा तर खोटं-खोटं दुकान उपयोगाचं नाही, खरं पाहिजे. मुलांचे हात चांगले होते, म्हणून रुखवताच्या वस्तू करायला लागली. लग्नात मुलीकडचे लोक हौसेनं टेबलावर मांडतात त्या. सुपारीचे भटजी, खारकांची बैलगाडी, नारळाला फेटा बांधून केलेला नवरदेव. मी पहिल्याच ऑर्डरला मधे तोंड घातलं, भाव मी ठरवायला गेलो, तर तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, धंदा त्यांचा आहे. तुम्ही हमाल. हमालानं ओझं उचलायचं. माल उघडून बघायचा नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही."

मी म्हणालो, "आणि तू?"

"मी पण हमालच. तुमच्यापेक्षा जरा जुनी."

मग तिला कावीळ झाली. साधी कावीळ म्हणून आम्ही औषध आणत राहिलो, आणि ती गेली.

त्यानंतर घरात तिचं नाव निघेना. कुणी ठरवलं नव्हतं. मला वाटायचं, मी बोललो तर मुलं रडतील. मुलांना काय वाटायचं ते मी विचारलं नाही. मी पोळ्या करायला शिकलो, वेणी घालायला शिकलो. रुखवताचं काम बंद पडलं होतं. एक दिवस जुईच म्हणाली, "बाबा, शेटेकाकूंच्या स्नेहलताईचं लग्न ठरलंय. विचारून येऊ का?" मी म्हणालो, "मला काय विचारतेस? मी हमाल." ती कितीतरी दिवसांनी हसली.

शेट्यांचं मोठं किराणा दुकान, घराणं नावाजलेलं. काकू म्हणाल्या, "एक अख्खं घर करा. माझ्या पोरीचा संसार कसा असेल ते दिसलं पाहिजे. पाहुण्यांनी वाकून वाकून बघितलं पाहिजे."

आता त्या घराला आणखी एक ओझं लागलं होतं. ते माझ्या आक्काचं. आक्का माझी थोरली बहीण, लातूरला असते. आमची आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नव्हतो. शेटेकाकू तिची वर्गमैत्रीण, म्हणून ती लग्नाला आली होती आणि उतरली होती आमच्याकडं. आल्याआल्या तिनं सांगून टाकलं, "दिगू, जुईला मी लातूरला नेते. शाळेत घालते. कौस्तुभला वसतिगृहात ठेव. वाढत्या पोरीला घरात बाईमाणूस लागतं. वैजूची हौस होती ती, वैजूबरोबर संपली."

मी म्हणालो, "एवढं लग्न पार पडू दे. मग बोलू."

"काय करतात ही दोघं घरी राहून, ते बघतेच मी लग्नात," ती म्हणाली.

जुई दाराआड उभी होती. तिनं ऐकलं होतं.

तर ते घर मी टेबलावर ठेवलं. शेटेकाकूंनी आजूबाजूला लाडू-करंज्यांची ताटं आणि मुलांनी आधीच पोचवलेले सुपारीचे भटजी मांडून घेतले होते. जुईनं चादर उचलली, कौस्तुभनं बटण दाबलं आणि आत दिवे लागले.

"अगं बाई!" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

खरंच सुंदर झालं होतं. दारात तुळस, तिच्यापुढं तांदळाच्या दाण्याएवढी रांगोळी. खिडकीला गज. आत झोपाळा, खुंटीवर पिशवी, फडताळात डबे, दोरीवर कपडे वाळत घातलेले. गच्चीवर काळी टाकी. बायका वाकून बघायला लागल्या. शेटेकाकूंचा चेहरा फुलला होता. आक्कासुद्धा चष्मा वर करून बघत होती.

मीही बायकांच्या डोक्यांवरून बघितलं.

स्वयंपाकघरात एक माणूस पाटावर बसून पोळ्या लाटत होता. खाकी पँट, वर बनियन, खांद्यावर पंचा. दोरीवर खाकी शर्ट, त्याला वरून दुसरं बटण नव्हतं. पोळपाटावरची पोळी एका बाजूला लांब गेलेली.

तो मी होतो.

मी मागं सरकलो. तेवढ्यात नवरदेवाची मावशी पुढं आली. अंगानं भरदार, गळ्यात ठसठशीत माळ, आवाज अख्ख्या मांडवाला पुरेल असा.

"अगोऽ हे काय! स्वयंपाक नवरा करतोय वाटतं? आमच्या संदीपला अजून चहा येत नाही, बरं का!"

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "पोळी बघा की पोळी, कर्नाटकाचा नकाशा!"

"आणि नवरी कुठाय?" मावशीनं मान घालून आतल्या खोलीत बघितलं. "लग्नाआधीच माहेरी गेली का काय?"

पुन्हा हशा. पण या वेळी शेटेकाकू हसल्या नाहीत. त्या पुढं झाल्या, त्यांनी दोन्ही खोल्या बघितल्या, गच्ची बघितली, अंगण बघितलं. त्यांचा रंग उतरला.

"जुई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, घरात बाईच नाही."

हसणं थांबलं. एक म्हातारी पुटपुटली, "लग्नात असलं मांडू नये गं. बाईविना घर. अशुभ असतं."

जुईनं घराकडं बघितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते मला दिसलं. घर करा म्हणाल्या, तिनं घर केलं होतं. आता तिला कळलं आणि तिचे ओठ पांढरे पडले.

आक्कानं माझा दंड धरला. "बघतोस काय? माफी माग, आणि उचल ते. बाप आहेस ना?"

मी पुढं झालो. हात जोडले. "काकू, लेकरांच्या लक्षात..."

"बाबा, थांबा," जुई म्हणाली. "ऑर्डर माझी आहे."

मी थांबलो. इतकं कठीण मला काहीच गेलं नव्हतं. हात जोडलेलेच होते, ते खाली कसे घ्यायचे तेही सुचेना.

"काकू, चूक झाली," जुई म्हणाली. "तुम्ही स्नेहलताईचं घर सांगितलं होतं. आम्ही आमचं केलं. अक्षता कधी आहेत?"

"अजून हळद व्हायचीय. पण..."

"मग होईल. मला एकदा स्नेहलताईला बघू द्या. नुसतं बघू द्या. आणि तिच्या शालूच्या ब्लाऊजचा तुकडा उरला असेल तर द्या. बाबा, पिशवीतली तार."

मी पिशवीतून तांब्याच्या तारेचं वेटोळं काढून दिलं. काकू घुटमळल्या. मग म्हणाल्या, "चल." दोघी नवरीच्या खोलीकडं गेल्या.

कौस्तुभ टेबलाजवळच उभा राहिला. त्याला वाटलं असावं, आता दुकान सांभाळायची जबाबदारी त्याची. मावशी अजून तिथंच होती.

"काय रे, हे पोळ्या लाटणारे काका कोण?"

"बाबा आहेत."

"तुझे?"

"हो. हे काय, उभे आहेत."

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी बनियनवर नव्हतो एवढंच.

"आणि आई कुठं गेली तुझी? तिला का नाही बसवली?"

"आई वारली," कौस्तुभ म्हणाला. "घरात नाही, म्हणून घरात नाही केली."

मावशीच्या हातात उपम्याची बशी होती. तिनं ती खाली ठेवली.

"पोळ्या बऱ्या करतात का रे बाबा?" तिनं विचारलं.

"आता बऱ्या करतात. आधी पापड व्हायचा."

मावशी हसली, पण हे हसणं निराळं होतं. तिनं पदरानं नाक पुसलं, मागं वळून दोघी-तिघींना म्हणाली, "काय गर्दी करून उभ्या राहिलात? पोरांना काम करू द्या की!" आणि स्वतः टेबलापुढं अशी उभी राहिली की तिच्याआड घर कुणाला दिसू नये.

जुई आली ती नवरी घेऊनच. तारेचं अंग, कापसाचं डोकं, डाळिंबी साडी, केसांत कुणाच्या तरी गजऱ्यातली एक कळी. स्नेहल बसताना मान किंचित डावीकडं कलवायची. बाहुलीची मान तशीच होती. खोलीतून चारपाच पोरी मागं मागं आल्या होत्या, त्या ओरडल्या, "स्नेहलच आहे की गं ही!"

"आता बाबांना काढायचं," जुई म्हणाली.

कौस्तुभनं ओढून बघितलं. "निघत नाहीत. डिंक जास्त लावला होता. घट्ट बसावेत म्हणून."

जुईनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, हे हमालाचं काम आहे."

मी पकड काढली. त्या खिडकीएवढ्या स्वयंपाकघरात हात घातला आणि स्वतःला कमरेला धरलं. मला वाटलं तुटेल. पण हळूहळू हलवत गेलो तसा तो निघाला. बुडाला पाटाचा तुकडाही चिकटून आला. जुईनं तिथं नवरीला बसवलं. वाकडी पोळी काढून गोल पोळी ठेवली. कौस्तुभनं तेवढ्यात सुपारीच्या एका भटजीचं उपरणं सोडवून त्याला फेटा बांधला आणि नवरदेव म्हणून झोपाळ्यावर बसवून दिला.

शेटेकाकूंनी घर पुन्हा नीट बघितलं. मग जुईच्या डोक्यावर हात ठेवला. मावशी नेहमीच्या आवाजात ओरडली, "या आता, बघा आता! आमच्या संदीपचं घर! झोपाळ्यावर बसलाय मेला, हे मात्र अगदी खरं केलंय!"

माणसं वाकून वाकून बघायला लागली. मी बाजूला जाऊन खुर्चीवर बसलो. मूठ उघडली. आक्का शेजारी येऊन बसली, तिनं माझ्या तळहातावरचा माणूस उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याच्या पंच्यावर हळदीचा डागसुद्धा काढलेला होता.

"किती बघतात रे ही तुला," ती म्हणाली.

मला आत एकच टोचत होतं. मुलं आईला विसरली. दीड वर्षात विसरली. घर म्हटल्यावर तिची आठवणही आली नाही त्यांना.

संध्याकाळी आम्ही चौघं घरी आलो. पाय धुतले. मी सवयीनं कणीक मळायला घेतली. आक्का म्हणाली, मी करते, तर मी म्हणालो, राहू दे. मग माझ्याच्यानं राहवेना. पाठमोराच मी विचारलं, "जुई, आईची बाहुली करावीशी नाही वाटली तुला?"

मी वळून बघितलं. ती उठून मागच्या खोलीत गेली आणि एक खोका घेऊन आली. खोक्यात तारेच्या बायका होत्या. कितीतरी. काहींना साडी, काहींना नुसतं डोकं. कुणाचे हात वर, कुणाचे खाली.

"सगळ्या आईच आहेत," ती म्हणाली. "पण एकही आई होत नाही. पोळ्या लाटताना तिचे हात कुठं असायचे ते मला आठवत नाही, बाबा. कौस्तूला तर माझ्याएवढंही आठवत नाही. तुम्हाला विचारावं म्हटलं, पण तुम्ही कधी तिचं नाव काढत नाही. मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल. आणि आता मी लातूरला गेले की जेवढं आठवतंय तेवढंही..."

कौस्तुभ तिच्याजवळ सरकला आणि खोक्यातल्या बायका एकेक करून सरळ उभ्या करायला लागला.

माझे हात कणकेत होते. मी उठलो, हात तसेच घेऊन. आक्काकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला एखादी गोष्ट विचारत नव्हतो.

"आक्का, मुलं कुठं जाणार नाहीत. शाळा, परीक्षा काय द्यायची ती इथूनच देतील. दोघं इथंच राहतील."

आक्का खोक्याकडं बघत होती. म्हणाली, "मी कुठं काय बोलले?" आणि मग चिडून, "अरे, उभा काय राहिलास? दाखव की तिला वैजू कशी बसायची ते!"

मी पोळपाटापाशी बसलो. पंचा खांद्यावरून काढून पदरासारखा कमरेला खोचला. कौस्तुभ खुदकन हसला.

"ती मांडी घालून बसत नव्हती," मी म्हणालो. "डावा गुडघा असा वर."

"उजवा," आक्का म्हणाली.

"डावा, आक्का. उजव्या बाजूला तिचा डबा असायचा पिठाचा. आणि लाटताना हे कोपर असं बाहेर. मी म्हणायचो, तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे मार खायचा. मग ती मुद्दाम मारायची."

"आईऽ मारायची?" कौस्तुभचे डोळे मोठे झाले.

"मला. बरगडीत."

"आणि मान?" जुईनं विचारलं. तिनं तार हातात घेतली होती.

"मान खाली नाही. ती पोळीकडं बघायचीच नाही. तुमच्याकडं बघत लाटायची. तू पाढे म्हणत इथं बसायचीस, या डब्यापाशी, आणि चुकलीस की लाटणं थांबायचं. बोलायची नाही, नुसतं लाटणं थांबवायची."

जुई डब्यापाशी सरकून बसली. मी मान वर केली आणि वैजूसारखं तिच्याकडं बघितलं. लाटणं फिरवलं. आक्कानं लाटलेली पोळी तव्यावर टाकली आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मी वळून बघितलं नाही, कारण वैजू वळायची नाही.

जुई माझ्याकडं बघत तार वाकवत होती. आधी गुडघा, मग पाठ, मग तिनं कोपराला हात घातला.

"बाबा, असंच," ती म्हणाली. "हलू नका."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. आक्का उठली आणि तिनं गॅस बंद केला. मी कोपर तसंच बाहेर धरून बसून राहिलो.